साइटवर कागद वेळेवर पोचावेत म्हणून: स्वस्त फोन, फाइली आणि रेंज यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पंप आणि मोटार-पॅनेल बसवायची, दुरुस्त करायची छोटी कंत्राटं मी घेतो. माणसं सकाळी सातपूर-अंबडला, दुपारी सिन्नर नाहीतर गोंद्याला, आणि आठवड्यातून एखादा दिवस पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाणी योजनेवर. वर्क ऑर्डर, ड्रॉइंग, चलन (मालासोबत जाणारा कागद), टेस्ट रिपोर्ट हे सगळं ऑफिसात तयार होतं आणि लागतं मात्र तिकडे, तेलकट हातात. या कामात असलेली मित्रमंडळी आणि नवीन सुपरवायझर मुलं मला जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

साइटवरच्या माणसाला निदान कोणता फोन द्यावा?

दहा हजारांच्या आसपासचा बऱ्या कंपनीचा ४जी फोन पुरतो. ५जीसाठी जास्तीचे पैसे घालू नका. आपल्या फाइली लहान असतात, आणि जिथे खरी अडचण येते तिथे ४जीचीच बोंब असते. पैसे घालायचे तर रॅममध्ये आणि स्क्रीनच्या उजेडात घाला. रॅम ४ जीबी हवी. २ जीबीच्या फोनवर मोठं ड्रॉइंग झूम केलं की फोन अडकतो, माणूस वैतागतो आणि पुढच्या वेळी ड्रॉइंग न उघडता अंदाजाने काम करतो. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. स्टोरेज ६४ जीबी, बॅटरी ५००० एमएएच, आणि दोन सिम घालूनही मेमरी कार्डाला वेगळी जागा उरेल असा ट्रे बघून घ्या.

घेताना एक करा. ज्या ड्रॉइंगवर रोज काम चालतं तसं एखादं स्वतःच्या फोनवर घेऊन जा. एम. जी. रोडच्या दुकानात फोन आवडला की ती फाइल त्यावर घ्या आणि दुकानदाराला सांगून फोन बाहेर उन्हात आणा, दुपारी बाराच्या सुमारास. बारीक आकडा उन्हात वाचता आला तर फोन घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन छान दिसतात.

सेकंड हँड फोन चालेल का?

चालतो, पण बिल आणि डबा असेल तरच. आधी फोनवर *#०६# दाबा, आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर, दिसेल. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असं लिहून १४४२२ वर पाठवा. हा नंबर काळ्या यादीत आहे किंवा आधीच दुसरीकडे वापरात आहे असं उत्तर आलं तर फोन तिथेच ठेवून निघा. स्वस्तात मिळतोय म्हणून चोरीचा फोन कामगाराच्या हातात देणं म्हणजे त्या बिचाऱ्याला पोलीस चौकीची वाट दाखवणं.

आणि अँड्रॉइड किती जुनं आहे ते बघा. अपडेट बंद पडलेल्या फोनवर आज ना उद्या ॲप चालेनासे होतात.

आमच्याकडे दोघं-तिघं अजून कीपॅडचा फोन वापरतात. त्यांचं काय?

त्यांना कागदच द्या, आणि त्या कागदातला एक-दोन ओळींचा गाभा एसएमएसने पाठवा: साइटचं नाव, भेटायच्या माणसाचा नंबर, वर्क ऑर्डर नंबर, ई-वे बिल (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) नंबर. एसएमएस अगदी कमजोर सिग्नलवरही जातो, तिथे इंटरनेट लागत नाही. एक लक्षात ठेवा, देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजी लिपीत १६०. म्हणून मराठीत लिहिताना ‘आदरणीय’, ‘कृपया’ वगैरे गाळून थेट कामाचं लिहा.

व्हॉट्सअॅपवर ड्रॉइंगचा फोटो पाठवला तर काय बिघडतं?

याचं उत्तर मी थोडं लांबवणार आहे, कारण इथे माझे पैसे गेलेत.

सिन्नरजवळच्या एका कारखान्यात पंपाची बेस फ्रेम बसवायची होती. ए३ आकाराचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर होतं. घाईत मी मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि फिटरला व्हॉट्सअॅप केला. त्याने झूम करून आकडा वाचला: ३८०. कागदावर होता ३६०. चार भोकं पाडून झाली, पंप उचलून ठेवायला गेले आणि बोल्ट बसेनात. नवी प्लेट, पुन्हा ड्रिलिंग, आणि कारखान्याने आम्हाला दिलेला शटडाऊनचा एक दिवस वाया. फिटरची काडीची चूक नव्हती. मी त्याचा फोन हातात घेऊन पाहिलं तेव्हा मलाही तो आकडा ३८० च वाचता आला.

असं का होतं ते समजून घ्या. ए३ कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर लांबी जवळपास ४९६० पिक्सेल येते. त्यावर अडीच मिलिमीटर उंचीचा आकडा साधारण ३० पिक्सेलचा असतो, म्हणजे स्वच्छ. व्हॉट्सअॅप साध्या दर्जात फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. आकडा उरला नऊ-दहा पिक्सेलचा, त्यात फोटो दाबून लहान करताना येणारा धुरळा. इंग्रजी 6 चं वरचं टोक वळून खाली चिकटलं की झाला 8. एचडी निवडलं तर जरा बरं, पण तेही दाबलेलंच.

म्हणून नियम एकच: ड्रॉइंग आणि आकडे असलेला कुठलाही कागद पीडीएफ करून, पिनच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. डॉक्युमेंट जसं आहे तसं पोचतं, व्हॉट्सअॅप त्याला हात लावत नाही. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, आपल्याला तेवढी कधीच लागत नाही. क्लायंटकडून ऑटोकॅडची फाइल आली तर त्याच्याकडूनच पीडीएफ मागून घ्या. साइटवरच्या फोनवर कॅडची फाइल उघडत बसणं हा वेळेचा सत्यानाश आहे. आणि स्क्रीनवर पट्टी लावून माप घेऊ नका, कोणाला घेऊ देऊ नका. झूम केलेल्या ड्रॉइंगला स्केल नसते. लिहिलेला आकडाच खरा.

फाइल किती मोठी असली तर चालेल?

साधं चलन किंवा वर्क ऑर्डर काळ्या-पांढऱ्यात २०० डीपीआयला स्कॅन केलं तर एका पानाला शंभर केबीच्या आत बसतं. रंगीत स्कॅनरवर तेच पान एक-दोन एमबी होतं आणि वाचायला त्याचा कणभरही उपयोग नसतो.

हा फरक कुठे कळतो? दिवसाचा डेटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २०० केबीची फाइल तेव्हाही २५ सेकंदांत उतरते. ५ एमबीची उतरायला दहा-अकरा मिनिटं लागतात आणि मध्ये एकदा रेंज तुटली की बसा पुन्हा. माणसाच्या पोराने रात्री क्रिकेट बघून डेटा संपवला असला तरी सकाळचं चलन उघडलं पाहिजे, या हिशोबाने फाइल बनवा.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडे रेंजच नसते. तिथे कागद पोचवायचा कसा?

तिथे पोचवायचा नसतोच. तो निघण्याआधी फोनमध्ये असावा लागतो.

आमची पद्धत सांगतो. गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या फाइली जातात. सकाळी निघताना प्रत्येकाने आपल्या फोनवर फ्लाइट मोड लावायचा आणि फाइल उघडून दाखवायची. फ्लाइट मोड यासाठी, की व्हॉट्सअॅपमध्ये फाइलचं नाव आणि पहिलं पान धूसर दिसतं, माणसाला वाटतं ‘आलीये की’, आणि प्रत्यक्षात ती उतरलेली नसते. बाजूला खाली जाणारा छोटा बाण तसाच असतो. पेठच्या घाटात तो बाण कितीही दाबला तरी उपयोग नाही. गूगल ड्राइव्हवरची फाइल असेल तर ती ‘ऑफलाइन उपलब्ध’ केली आहे का तेही असंच तपासता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. हे सुरू केल्यापासून तिकडून ‘शेठ, फाइल उघडत नाही’ असा फोन आलेला नाही. यायला रेंजही नसते म्हणा, पण माणसं संध्याकाळी काम उरकून परत येतात, रिकाम्या हाताने नाही.

दुसरं, एकाकडे फाइल आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तर इंटरनेटची गरज नसते. अँड्रॉइडमध्ये ‘क्विक शेअर’ आहे, ज्याला आधी ‘निअरबाय शेअर’ म्हणायचे. दोन्ही फोन जवळ धरून ब्लूटूथ आणि वायफाय सुरू केलं की फाइल थेट या फोनमधून त्या फोनमध्ये जाते. आपल्या माणसांना हे एकदा ऑफिसात करून दाखवा, तोंडी सांगून कोणी करत नाही.

तिसरं, दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. एकीकडे एकाची रेंज तर पुढच्या वळणावर दुसऱ्याची. गावातल्या माणसाला विचारा, कुठल्या टेकाडावर कुठली रेंज येते हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

चौथं, जुनं पण भरवशाचं: महत्त्वाच्या ड्रॉइंगची एक प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. फोन आल्यावर मी कागद बंद केला होता, तो पुन्हा सुरू केला.

काही कंपन्या गेटवर फोन जमा करून घेतात. मग फाइलींचा उपयोग काय?

अंबड-सातपूरला हे नेहमीचं आहे. कुठे फोन जमा होतो, कुठे कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत सोडतात. काम मिळतानाच सेफ्टी किंवा सिक्युरिटीला विचारून घ्या, आणि फोन आत जात नसेल तर ड्रॉइंग आणि वर्क परमिटची प्रिंट गेटपासला जोडून द्या. नियम त्यांचा आहे, तिथे वाद घालू नये. माणसाने लपवून फोन आत नेला आणि सापडला तर त्याची एन्ट्री जाते आणि तुमचं काम जातं.

जुनं ड्रॉइंग आणि नवं ड्रॉइंग यात गोंधळ होतो. उपाय?

फाइलच्या नावातच सगळं हवं: साइट, कागद, रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती), तारीख. ‘सिन्नर-पंप२-बेसफ्रेम-रेव्ह३-१२जून’. स्कॅनरने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच पाठवू नका, फोनमध्ये अशा वीस फाइली झाल्या की देवही ओळखू शकत नाही.

नवी रिव्हिजन आली की जुनी ग्रुपमधून ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्यावर भरवसा ठेवू नका. त्याला मुदत असते, आणि ज्याच्या फोनमध्ये फाइल उतरली आहे तिथे ती राहते. फोन करा आणि माणसाकडून रिव्हिजन नंबर वदवून घ्या: “भाऊ, तुझ्या ड्रॉइंगवर खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच.” तो ‘रेव्ह ३’ म्हणाला की फोन ठेवा. दोन निळ्या टिकांचा अर्थ मेसेज उघडला एवढाच, कागद वाचला असा नाही.

ड्रायव्हरकडे ई-वे बिल फोनवर असलं तर चालतं का?

ई-वे बिलाचा १२ आकडी नंबर फोनमध्ये असला तरी चालतो. जीएसटीच्या नियम १३८अ मध्ये तशी सोय आहे. पण त्याच नियमात मालाचं बिल (इन्व्हॉइस) किंवा डिलिव्हरी चलन गाडीत असणं सांगितलंय, आणि ते कागदावर असू द्या. डिलिव्हरी चलन तीन प्रतींत करायचं असतं: माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि आपली. जॉबवर्कचा (दुसऱ्याकडून मजुरीवर काम करून घ्यायचा) माल रोज इकडून तिकडे जाणाऱ्या नाशकात हे चलन कधीही विचारलं जातं.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. इथे आपल्याकडचे लोक फसतात ते पेठमार्गे वापी-वलसाडकडे जाताना. अंतर थोडं, रस्ता ओळखीचा, म्हणून घरचंच वाटतं, पण हद्द ओलांडली की गुजरात. त्यातून माल जॉबवर्कसाठी दुसऱ्या राज्यात जात असेल तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतंच.

रस्त्यात गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर ऑफिसातून ई-वे बिलाच्या ‘पार्ट बी’मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नवा गाडी नंबर टाकावा लागतो. ई-वे बिलाचा नंबर तोच राहतो. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, तीही लक्षात असू द्या. ड्रायव्हरला या सगळ्याचा स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही पाठवा. घाटात बंद पडलेल्या गाडीजवळ दोन्हींपैकी काय पोचेल सांगता येत नाही.

लायसन आणि गाडीची कागदपत्रं?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवलेलं लायसन आणि आरसी ग्राह्य धरतात. व्हॉट्सअॅपवरचा आरसीचा फोटो हा निव्वळ फोटो, त्याला किंमत नाही.

सही-शिक्क्याचं चलन परत ऑफिसला कसं यावं?

जागेवरच स्कॅन करून. फोनमधलं स्कॅनर ॲप वापरा, ड्राइव्हच्या ॲपमध्येही स्कॅनची सोय आहे. कागद सपाट जमिनीवर किंवा पॅनेलच्या दारावर ठेवा, आपली सावली पडू देऊ नका, चारही कोपरे चौकटीत घ्या. शिक्का पुसट असेल तर तिथेच दुसरा मारून घ्या. परत आल्यावर पुसट शिक्क्यासाठी पुन्हा सिन्नरची फेरी पडते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता आहे हे खरं. तरीही मूळ चलन फाइलला लावा. पेमेंट अडकलं की अकाउंट्सवाले मूळ सहीचंच मागतात.

मराठी वर्ड किंवा एक्सेल फाइल फोनवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात.

फाइल जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा, किंवा ज्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसते तिथूनच पीडीएफ करून पाठवा. ग्रामपंचायतीकडून येणाऱ्या कागदांना हा त्रास अजून होतो, त्यांनाही पीडीएफच मागा.

पाऊस, धूळ, ग्रीस. स्वस्त फोन टिकतो का?

फोनच्या डब्यावर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि शिंतोडे सोसतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि फोन थोडा वेळ एक मीटर पाण्यात पडला तरी निभावतो. इगतपुरीच्या जुलैतल्या पावसात आयपी ५४ वाला फोनही दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून खिशात ठेवा. आमची माणसं असंच करतात आणि पिशवीवरून बोट चालतं. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास: बाइकच्या हँडलला लावलेला फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. खिशात ठेवा. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास यांना कंजुषी करू नका.

टॅबलेट घ्यावा का?

सुपरवायझरला एक. फिटरला नको, त्याला तो ठेवायला जागा नसते.

व्हॉट्सअॅपवर ‘चलन’ नावाची फाइल आली आणि ती इन्स्टॉल करायला सांगते. उघडू का?

अजिबात नाही. नावाच्या शेवटी एपीके असेल तर तो कागद नाही, ते ॲप आहे. आरटीओचं ई-चलन, गॅसचं बिल, लग्नपत्रिका अशा नावांनी हे फिरतं आणि फोनमधले ओटीपी चोरतं. आपल्या धंद्यात दिवसाला दहा चलनं येतात, म्हणून आपली माणसं पटकन फसतात. खरी पीडीएफ कधीच इन्स्टॉल करायला सांगत नाही. प्रत्येकाच्या फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअॅपला ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ करण्याची परवानगी बंद आहे का ते स्वतः बघा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासात केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार यात फार अंतर आहे.

साइटवर फोन हरवला तर?

आधी सिम बंद करून नवं घ्या. त्या सिमवर दुसऱ्या फोनमध्ये व्हॉट्सअॅप सुरू केलं की हरवलेल्या फोनमधलं बंद होतं. मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. यासाठी सगळ्या फोनचे आयएमईआय आजच एका वहीत लिहून ठेवा.

फोन आणि रिचार्ज कोणी भरायचा, कंत्राटदाराने की कामगाराने?

कंत्राटदाराने. यावर माझं मत पक्कं आहे. काम आपलं, कागद आपला, मग डेटा त्याचा का जाळायचा? आमच्या एका हेल्परकडे घरात एकच स्मार्टफोन होता आणि संध्याकाळी त्यावर त्याची दहावीतली मुलगी अभ्यास करायची. मी आदल्या संध्याकाळी फाइली पाठवायचो तेव्हा तिला फोन बाजूला ठेवून वडिलांची चलनं उतरवावी लागायची. मला हे कळलं ते तिनेच एकदा फोन उचलून “काका, फाइल आली, पण बाबा झोपलेत, मी वाचून दाखवू का त्यांना सकाळी?” असं विचारलं तेव्हा. त्या आठवड्यात मी कामाचे चार फोन घेतले. रिचार्जची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेली असते, आणि पगाराच्या आधी तो भरला जातो.